भावाचं मूल की संस्थेतलं? अमेरिकेतून दत्तक घेताना

"बाहेरचं कशाला, भावाचंच घ्या की!" हे घरोघरी ऐकू येतं. नात्यातलं दत्तक सोपं आणि स्वस्त वाटतं, पण अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांची फसगत नेमकी इथेच होते. नुसत्या नोंदणीकृत दत्तकपत्रावर मुलाला व्हिसा मिळत नाही. भारत आणि अमेरिका दोघंही परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारात आहेत, त्यामुळे 'कारा'चं, म्हणजे दत्तक प्रकरणं पाहणाऱ्या भारत सरकारच्या केंद्रीय प्राधिकरणाचं, ना-हरकत प्रमाणपत्र लागतंच. आणखी मोठी अडचण म्हणजे, जन्मदाते दोघंही हयात असतील तर ते मुलाचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत हे अमेरिकेला पटवावं लागतं. खाऊनपिऊन सुखी भाऊ-वहिनी हे कसं दाखवणार?

संस्थेतल्या मुलासाठी काराच्या यादीत थांबावं लागतं आणि ही प्रतीक्षा खरंच जीव काढते. अनिवासी भारतीयांना मात्र देशातल्या पालकांच्या बरोबरीने प्राधान्य आहे. भारतातल्या संस्थेला ५,००० डॉलर द्यावे लागतात. नात्यातल्या दत्तकात संस्थाच नसल्याने ही रक्कम वाचते, बाकीचा खर्च फारसा टळत नाही. गृहभेट अहवाल, एजन्सीची फी, अमेरिकी इमिग्रेशन खात्याचे आय-८००ए (पालकांच्या पात्रतेचा) आणि आय-८०० (मुलासाठीचा) हे अर्ज, विमानभाडं दोन्हीकडे आहेच. समाजसेविका घरी येऊन पगाराच्या स्लिपा बघते, बाळाची खोली बघते. घरातल्या प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे घेतले जातात, सोबत राहणाऱ्या आजीचेसुद्धा.

भावाचं मूल खरोखर निराधार झालं असेल, तर जरूर नात्यातलाच मार्ग धरा. मात्र मुलाचा सोळावा वाढदिवस उलटायच्या आत आय-८०० अर्ज गेला पाहिजे. एरवी मी काराची नोंदणीच आधी करायला सांगेन.