बिनपासिंगची की पासिंगची? ई-स्कूटर घेण्याआधी

साताऱ्यात माझ्या मेहुण्याकडे गेल्या दिवाळीत हाच विषय होता. मुलगी अकरावीला, कॉलेज घरापासून पाच किलोमीटर, वडापच्या जीपमध्ये तिला बसवायचं नाही. घरात सत्तरी ओलांडलेले वडील, त्यांना रोज मंडई आणि देऊळ. मेहुणा दुकानात बिनपासिंगची, म्हणजे आरटीओत नोंदणी न लागणारी ई-स्कूटर बघून आला होता आणि खूश होता. "दाजी, लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको, हेल्मेटसुद्धा नको. मग अडचण काय?"

दुकानदाराने त्याला खोटं सांगितलं नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतच ही सूट आहे. मोटरची सलग तीस मिनिटं टिकणारी ताकद 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. सायकलची थोरली बहीण म्हणा. पण तिन्ही अटी एकाच वेळी पाळलेल्या हव्यात, आणि तसं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं हवं. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर आहे. दुकानात त्या कागदाची प्रत मागा. "कंपनीकडून येईल" असं उत्तर मिळालं तर दुसरं दुकान बघा.

खरी गोम पुढे आहे. बिल करता करता दुकानातला पोरगा हळूच विचारतो, "वेगाचं लॉक काढून देऊ का? पंचेचाळीसला पळते." हो म्हटलंत की त्याच क्षणी तुमची सूट संपली. गाडी आता मोटार वाहन झाली, आणि तिला ना नंबर, ना विमा, ना तुमच्याकडे लायसन्स. लायसन्स नसल्याचा दंड 5,000 रुपये, विमा नसल्याचा 2,000, नोंदणी नसल्याचा वेगळा. चालवणारी अठराच्या आतली असेल तर प्रकरण पालकांवर येतं: 2019 च्या दुरुस्तीनंतर 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 2022 च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन खात्याने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमच काढली होती. ट्रॅफिकच्या मामांना आता गाडी बघून अंदाज येतो. पंचविसाची गाडी रिक्षाला मागे टाकत नाही.

पंचविसाचा वेग म्हणजे नेमका किती, हे बहुतेकांच्या डोक्यात बसत नाही. पाच किलोमीटर म्हणजे रिकाम्या रस्त्यावर बारा मिनिटं, गर्दीत वीस. एवढ्यावर भागतं. अडचण चढाची. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे आणि पुढे समर्थ मंदिराकडे रस्ता चढत जातो, आणि सातारकरांचा अर्धा दिवस त्याच रस्त्यावर जातो. साधा हिशोब करून बघा. सत्तर किलोचा माणूस, बॅटरीसकट पंचाहत्तर किलोची गाडी, शंभर मीटरला पाच मीटर चढ. 250 वॅटमध्ये ही गाडी ताशी दहाच्या आसपास रांगते. डबलसीट बसलात तर सातवर येते, म्हणजे कडेने भरभर चालणारा माणूस तुमच्या बरोबरीने येईल. मोटर क्षणभर जास्त जोर लावू शकते, पण लांब चढावर तो जोर टिकत नाही. सांगली, सोलापूर, नाशिकच्या सपाट भागात हा मुद्दा सोडून द्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीत तो आधी बघा, किंमत नंतर.

पासिंगच्या गाडीत हा त्रास नाही. तीन-चार किलोवॅटची मोटर डबलसीट घेऊन चढ चढते. त्याबदल्यात हिरवी नंबरप्लेट, लायसन्स, हेल्मेट, विमा. नोंदणीचं शुल्क विजेच्या गाड्यांना 2021 पासून माफ आहे, पीयूसी लागत नाही. विम्याला लोक उगाच घाबरतात. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो, आणि 2022 साली ठरलेल्या दरांत तो या गाड्यांना अडीच ते सव्वातीन हजार होता, वर जीएसटी. म्हणजे महिन्याला पन्नास-साठ रुपये.

त्या पन्नास-साठ रुपयांत काय मिळतं? समजा, तुमच्या गाडीचा धक्का लागून एखाद्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. पासिंगच्या गाडीला विमा कंपनी आहे, भरपाईचा दावा न्यायाधिकरणात जातो, पैसे कंपनी देते. बिनपासिंगच्या गाडीला कोणी नाही. ऑपरेशनचा खर्च तुमच्या खिशातून. आणि 'मोटार वाहन नाही' म्हणून गुन्हा दाखल होत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम कुठल्याही वाहनाला लागतं. आरटीओच्या खिडकीसमोर मीही दोन-दोन तास उभा राहिलोय, त्या खिडकीबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. पण विम्याचा कागद सरकारसाठी नसतो, तो त्या आजोबांसाठी असतो. चोरीचंही तसंच. नंबर नसलेली गाडी चोरीला गेली तर पोलिसांच्या हातात फक्त चासी नंबर, तोही तुम्ही बिल जपून ठेवलं असेल तर.

इथवर वाचून वाटेल की पासिंगचीच घ्यावी. थांबा. आरटीओच्या कागदांतून सुटायचं की कंपनीच्या ॲपमधून, हाही प्रश्न आहे, आणि दुकानात तो कोणी काढत नाही.

मोठ्या ई-स्कूटरमध्ये आज सिमकार्ड असतं. गाडी कुठे आहे, किती पळाली, बॅटरी कशी आहे, हे कंपनीला कळतं. चोरी झाली तर हे वरदान. एरवी तुमची रोजची वाट कोणाच्या तरी संगणकात साठत राहते. सॉफ्टवेअर रातोरात बदलतं, स्क्रीनवरचं बटण सकाळी दुसरीकडे गेलेलं असतं. नकाशासारख्या काही सोयी वर्षा-दोन वर्षांनी पैसे भरून चालू ठेवाव्या लागतात. बिघाड झाला की नाक्यावरचा मेकॅनिक हात वर करतो, लॅपटॉप लावणारं सर्व्हिस सेंटरच लागतं, आणि ते तालुक्याला नसतंच. माझ्या ओळखीच्या एकाची गाडी एका सुट्या भागासाठी सव्वा महिना सर्व्हिस सेंटरला उभी होती. मालक रोज एसटीने. बिनपासिंगची गाडी या बाबतीत स्वतंत्र. तिचा कंट्रोलर, चार्जर, थ्रॉटल बाजारात सुटे मिळतात आणि गावातला इलेक्ट्रिशियनही ते बसवतो. लायसन्सपेक्षा हे स्वातंत्र्य मला जास्त मोलाचं वाटतं.

पैशांचं थोडक्यात. बिनपासिंगची साधारण चाळीस ते सत्तर हजारांत, पासिंगची लाखाच्या आसपास आणि वर. विजेचा खर्च दोन्हींत किरकोळ: युनिटला दहा रुपये धरले तरी मोठी गाडी पस्तीस-चाळीस रुपयांत एकदा पूर्ण भरते आणि ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते. चार्जर किमतीत धरलाय का, हे मात्र विचारा. अनुदानाच्या किंमत-मर्यादेत बसण्यासाठी काही नामांकित कंपन्या चार्जरचे पैसे वेगळे लावत होत्या. 2023 मध्ये त्यांना ते ग्राहकांना परत करावे लागले. स्वस्त गाडीत लेड-ॲसिड बॅटरी असेल तर दीड-दोन वर्षांनी ती बदलायचा खर्च आत्ताच किमतीत मिळवून बघा.

आग. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात धानोरीला रस्त्याकडेला उभी ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर बॅटरीचं एआयएस 156 हे मानक कडक झालं, डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत. पण ते मोटार वाहनांसाठी लिहिलेलं आहे. बिनपासिंगच्या गाडीत लिथियम बॅटरी असेल तर ती कोणत्या मानकाची, हे बॅटरीवरच्या लेबलवर स्वतः वाचा, आणि रात्री झोपताना घरात चार्जिंगला लावू नका.

मुलीबद्दल मी मेहुण्याला सरळ सांगितलं: अठरा होईपर्यंत पासिंगच्या गाडीचा विषयच नाही. सोळा ते अठरा वयासाठी कायद्यात 50 सीसीपर्यंतच्या गाडीची तरतूद आहे, पण तशी गाडी आता शोरूममध्ये दिसत नाही. तिचा कॉलेजचा रस्ता सपाट असता तर बिनपासिंगची घे म्हणालो असतो, लॉक न काढता, आणि हेल्मेट कायद्याने नको असलं तरी घालून. ताशी पंचविसाने डोकं दुभाजकावर आपटलं तर काय होतं, हे सिव्हिल हॉस्पिटलमधल्या कुठल्याही नर्सला विचारा. पण तिचा रस्ता चढाचा. तिला दोन वर्षांचा एसटीचा पास, आणि अठराव्या वाढदिवसाला पासिंगची.

वडिलांसाठी मात्र बिनपासिंगचीच ठरली. लायसन्सची मुदत संपलेली, नूतनीकरणाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं, मंडई दीड किलोमीटरवर आणि तीही उताराला. येताना चढ, पण त्यांना घाई कुठली? घेण्याआधी मी एकच गोष्ट करायला लावली. दुकानात बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली. घर दुसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये प्लग नाही. लेड-ॲसिडवाली त्यांना जमिनीवरून हललीसुद्धा नाही. लिथियमवाली उचलून ते दारापर्यंत गेले, परत आले, म्हणाले, "ही भाजीच्या पिशवीएवढीच आहे." बारा हजार जास्त पडले.