ठाण्यात फौजदारी अपिलासाठी मोफत वकील: सेवा कशी आहे?

ठाण्याच्या किंवा बेलापूरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात शिक्षा लागली आणि खाजगी वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अपिलासाठी मोफत वकील मिळतो. ही सेवा बिनधास्त घ्यावी. वकील फुकटचा म्हणून अपील कच्चं होत नाही. कागद उशिरा आणि अर्धवट पोचले की होतं.

तुरुंगात असलेली व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला काढण्यात आठवडा घालवणारे नातेवाईक बरेच दिसतात. या तिघांसाठी ती धावपळ नको. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. ठाणे किंवा तळोजा कारागृहात असलेल्या कैद्याला अपील थेट अधीक्षकांकडेही देता येतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा, कलम ४२४).

खरी गोम मुदतीत आहे. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन्स कोर्टात ३० दिवस, सेशन्सच्या शिक्षेवर हायकोर्टात ६० दिवस. कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत त्याच वेळी मोफत मिळायला हवी. तिची सगळी पानं मोजून घ्या. नक्कल वेगळी मागवली असेल तर तिच्या शेवटच्या पानावरचा शिक्का नीट वाचा: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, नेली कधी. समजा निकाल ३ मार्चचा. निकालाचा दिवस सोडून ३० दिवस २ एप्रिलला संपतात. नक्कलेचा अर्ज १० मार्चला, नक्कल तयार १८ मार्चला, म्हणजे नक्कल तयार व्हायला लागलेले ९ दिवस मुदतीत न धरल्याने मुदत ११ एप्रिलपर्यंत जाते. पण तयार नक्कल २८ मार्चला नेली तर मधले दिवस मिळत नाहीत. मोबाइलवर उतरवलेला निकाल वकिलाला वाचायला पुरतो, नक्कल म्हणून चालत नाही.

मुदत टळली तरी दार बंद होत नाही. विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा आणि कारण तारीखवार लिहावं: प्रत कधी मिळाली, वकील कधी नेमला, आजारपण असल्यास त्याचे कागद. 'घरगुती अडचणीमुळे' एवढ्यावर भागत नाही. विलंब माफ झाल्याशिवाय अपील दाखल होत नाही, आणि तोवर शिक्षा स्थगितीचा अर्जही अडकतो. आरोपी जामिनावर असून शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच त्याच दिवशी अपिलापुरता जामीन मागावा. ही संधी हुकते ती केवळ कुणी न सांगितल्यामुळे, आणि माणूस नाहक आत जातो.

तांत्रिक चुकीवर सुटका होईल, ही आशा मात्र धरू नये. दोषारोपात किंवा कार्यवाहीत चूक राहिली म्हणून शिक्षा रद्द होत नाही. त्यामुळे न्यायाला बाध आला हे दाखवावं लागतं, आणि हरकत खटल्यातच का घेतली नाही हेही कोर्ट पाहतं. म्हणून अपील मेमोत, म्हणजे अपिलाची कारणं मांडणाऱ्या अर्जात, 'निकाल बेकायदेशीर आहे' या वाक्याला काही वजन नाही. साक्षीदार क्रमांक ३ ने उलटतपासात काय कबूल केलं, ते कोणत्या परिच्छेदात, पंचनामा कोणत्या निशाणीवर (कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक), निकालात त्याचा विचार कुठे सुटला, असं लिहिलेलं मेमो पाहिजे. वकिलाला भेटताना जबान्यांच्या नकला घेऊन जा आणि मेमो दाखल होण्याआधी वाचून घ्या.

वकील तारखेला आला नाही तर? १९९६ च्या बानी सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की फौजदारी अपील गैरहजेरीवर काढून टाकता येत नाही. रेकॉर्ड पाहून गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो. तरीही तारीख स्वतः ठेवा. त्यासाठी ई-कोर्ट्स ॲप आणि १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पुरेसा आहे. अपिलाचा सीएनआर मूळ खटल्यापेक्षा वेगळा असतो, जुनाच टाकून बसलात तर निकाली निघालेला खटलाच दिसत राहील.