डीएक्सओ फोटोलॅब: कोर्टाची पायरी चढून आलेल्या कंपनीचं सॉफ्टवेअर, काही महिने वापरून

फोटोलॅब हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर घेतल्याचं सांगितलं की फोटोग्राफर मंडळींकडून दोन प्रश्न येतात. पहिला, अडोबीच्या लाइटरूमपेक्षा बरं आहे का? दुसरा, ते काढणारी डीएक्सओ कंपनी बुडाली होती ना? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं सोपं आहे: बुडायला आली होती, बुडाली नाही. मला मात्र या दुसऱ्या प्रश्नातच जास्त रस आहे, कारण पैसे भरण्याआधी मी स्वतः त्यावर बरेच दिवस अडून बसले होते.

आधी वापराचं सांगते. मी फोटो काढते ते नाटकांचे. रंगीत तालीम आणि पहिले काही प्रयोग. फ्लॅशला अर्थातच मनाई. प्रायोगिक नाटकात दिग्दर्शकाला अंधार जरा जास्तच प्रिय असतो, त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, 6400 हा माझा रोजचा आकडा, आणि एकच स्पॉट उरला की त्याच्याही वर. कॅमेरा निकॉन डी750, लेन्स 70-200 एफ 2.8. दोन्ही जुने, दोन्ही धडधाकट. नवा कॅमेरा घेण्याऐवजी नवं सॉफ्टवेअर घेऊन काही वर्षं काढता येतील का, असा हिशोब होता. म्हणून फोटोलॅब 7 ची इलाइट आवृत्ती घेतली. ती सप्टेंबर 2023 मध्ये आली, तेव्हाची किंमत 229 डॉलर, एकदाच भरायचे.

हिशोब बरोबर निघाला. डीपप्राइम हे नॉइज (अंधारातल्या फोटोत येणारे ठिपके) काढण्याचं तंत्र रॉ फाइलमधले, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधले, रंग उलगडण्याच्या टप्प्यावरच काम करतं, नंतर वरून पुसत नाही. काळ्या पडद्यावरचे रंगीत ठिपके जातात, पण नटाच्या गालावरचा घाम आणि नऊवारीचा काठ जागेवर राहतो. त्याचा थोरला भाऊ डीपप्राइम एक्सडी आणखी बारकावे काढतो, पण मी तो जपून वापरते, केसांत कधीकधी नसलेले धागे दिसायला लागतात. ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर एक फोटो काही सेकंदांत बाहेर पडतो, नसेल तर एकेका फोटोला मिनिटं मोजा आणि चहा टाका. जेपेगवर यातलं काहीच चालत नाही, रॉ लागतंच. आणि या आवृत्तीत परिणाम दिसतो तो छोट्या चौकटीत, पूर्ण फोटोवर निर्यात केल्यावरच.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे यू पॉइंट. चेहऱ्यावर एक बिंदू ठेवायचा, वर्तुळ ओढायचं, उजेड वाढवायचा. त्या रंगाचा भागच उजळतो, मागचं नेपथ्य अंधारातच राहतं. ब्रश घेऊन कडा रंगवत बसावं लागत नाही. एका बाजूने लाल एलईडी आणि दुसऱ्या बाजूने पिवळा स्पॉट पडलेला चेहरा सावरताना याचं मोल कळतं.

काय नाही तेही ऐका. मोबाइलवर नाही, क्लाउड नाही, पॅनोरमा जोडणं नाही. माणूस ओळखून तेवढाच भाग आपोआप निवडणारी (मास्क करणारी) एआयची सोय 7 मध्ये नाही. उभ्या रेषा सरळ करायच्या तर त्यांच्याच व्ह्यूपॉइंट या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना वेगळा. फुजीचा एक्स-ट्रान्स सेन्सर असलेल्यांना तर 2021 च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत या दुकानात प्रवेशच नव्हता. हजारो फोटोंची लग्नं ज्यांना दोन दिवसांत उरकायची असतात त्यांनी लाइटरूम सोडू नये असंच मी सांगते.

आता कंपनी.

डीएक्सओ पॅरिसला लागून असलेल्या बुलोन्य-बियांकूरची, 2003 पासूनची. लोकांना नाव माहीत झालं ते कॅमेऱ्यांना आणि फोनना गुण देणाऱ्या डीएक्सओमार्कमुळे. 2017 च्या सप्टेंबरात डीएक्सओमार्क वेगळी कंपनी झाली. पुढच्याच महिन्यात उरलेल्या डीएक्सओने दोन मोठ्या घोषणा केल्या: गूगलकडून निक कलेक्शन हा फोटोवर परिणाम चढवणाऱ्या प्लगइनांचा संच विकत घेतला, आणि ऑप्टिक्स प्रो या जुन्या सॉफ्टवेअरचं नाव बदलून, त्यात निकचं यू पॉइंट घालून, फोटोलॅब आणलं. मुहूर्तही असा की त्याच महिन्यात अडोबीने लाइटरूम 6 हे एकरकमी पैशांत मिळणारं शेवटचं लाइटरूम असल्याचं सांगितलं होतं. महिन्याच्या वर्गणीला वैतागलेले लोक पर्याय शोधत होते. धंद्याला याहून चांगली वेळ कुठली?

आणि 2018 च्या मे महिन्यात बातमी फुटली की कंपनी फ्रान्सच्या व्यापारी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली आहे. इंग्रजी साइटींनी एका शब्दात दिवाळखोरी म्हणून मोकळं केलं. प्रत्यक्षात तिथली ही व्यवस्था वेगळी आहे. देणी थकली की कंपनी न्यायालयात जाते, जुनी देणी तात्पुरती गोठवली जातात, सुरुवातीला सहा महिन्यांचा निरीक्षणाचा काळ मिळतो, तो वाढवून जास्तीत जास्त दीड वर्षापर्यंत नेता येतो. दुकान या काळात उघडं राहतं, आणि सर्वसाधारणपणे मालकच गल्ल्यावर असतो, फक्त न्यायालयाने नेमलेला माणूस शेजारी बसून वही तपासतो. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) प्रकरण दाखल करून घेतलं की कारभार थेट नेमलेल्या व्यावसायिकाच्या हातात जातो. म्हणून आपल्याला ही बातमी वाचताना वाटते त्यापेक्षा भयंकर वाटते.

पैसे कुठे गेले असतील? माझा अंदाज असा की एवढ्याशा कंपनीने फार ठिकाणी हात घातले. 2015 मध्ये त्यांनी डीएक्सओ वन नावाचा कॅमेरा काढला होता. आयफोनच्या लाइटनिंग खोबणीत खोचायचा, एक इंची सेन्सर, एफ 1.8 लेन्स, किंमत 599 डॉलर. बुद्धिमान वस्तू, यात शंका नाही. पण जे फोन दर वर्षी स्वतःचा कॅमेरा सुधारतात त्यांच्याच पोटाला आपला कॅमेरा लावून विकायचा, हा जुगार होता. सॉफ्टवेअर कंपनीने कारखान्याच्या नादी लागलं की भांडवल गोदामात अडकतं. पुढे 2023 च्या आयफोन 15 मध्ये खोबणच बदलून यूएसबी-सी झाली.

मी अडून बसले होते ती इथे. नाटकाचा दस्तऐवज वर्षानुवर्षं लागतो. नाट्यसंस्था दहा वर्षांनी फोन करून जुन्या प्रयोगाचा फोटो मागते. न्यायालयाची पायरी चढून आलेल्या कंपनीच्या हाती तो द्यायचा का?

मग श्रीमंत कंपन्यांचा इतिहास काढला, आणि मत फिरलं. निक कलेक्शनचंच घ्या. मूळ निक सॉफ्टवेअर ही कंपनी सॅन डिएगोची. 2012 मध्ये गूगलने ती विकत घेतली, आणि सगळे म्हणाले त्याप्रमाणे, त्यांना हवं होतं ते मोबाइलवरचं स्नॅपसीड हे फोटो अ‍ॅप. पाचशे डॉलरच्या घरातला निकचा संच आधी 149 डॉलरवर आला, मार्च 2016 मध्ये फुकट झाला. त्या आठवड्यात आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर सगळे डाउनलोड करण्यात मग्न होते. त्या संचातल्या सिल्व्हर एफेक्सने फोटो कृष्णधवल न केलेला मराठी फोटोग्राफर तेव्हा शोधून सापडला नसता. फुकट म्हणजे वाऱ्यावर सोडलं, हे मे 2017 मध्ये कळलं, जेव्हा गूगलने यापुढे सुधारणा नाहीत असं जाहीर केलं. अ‍ॅपलचं तेच. त्यांच्या अ‍ॅपर्चर या फोटो सॉफ्टवेअरवर लोकांनी आपले सगळे फोटोसंग्रह उभे केले होते. जून 2014 मध्ये विकास थांबवल्याचं सांगितलं, आणि 2019 च्या मॅक प्रणालीवर ते चालेनासंच झालं. या दोघांपैकी कुणाच्या तिजोरीत खडखडाट होता?

उलट डीएक्सओ. डोक्यावर न्यायालय, आणि तरी जून 2018 मध्ये निकची नवी आवृत्ती बाजारात, नेहमीची किंमत 69 डॉलर. ऑक्टोबर 2018 मध्ये फोटोलॅब 2. पुढच्या ऑक्टोबरात 3. 2020 च्या ऑक्टोबरात 4, आणि तिच्यासोबत ते डीपप्राइम, ज्याच्यासाठी मी पैसे मोजले. 2021 मध्ये नुसतं नॉइज काढणारं प्युअररॉ वेगळं काढलं, लाइटरूमवाल्यांनाही विकता येईल असं. गूगलला निकची गरज नव्हती, डीएक्सओकडे पोटाला दुसरं काही नाही. मला वाटतं, कंपनीच्या ताळेबंदाइतकंच हेही बघावं: आपण विकत घेतो ती वस्तू तिच्यासाठी जेवण आहे की लोणचं.

याची किंमत ग्राहक भरतोच, गैरसमज नको. दर वर्षी नवी आवृत्ती येते, आणि जुन्या आवृत्तीत नव्या कॅमेऱ्यांची ओळख घातली जात नाही. म्हणजे नवा कॅमेरा घेतलात की सॉफ्टवेअरही नवं घ्यायचं. जुन्या फिल्मसारखे रंग देणारं फिल्मपॅक वेगळं, व्ह्यूपॉइंट वेगळं. दर वर्षी विकल्याशिवाय ज्यांचं भागत नाही त्यांची ही चाल आहे आणि ती लपत नाही. दर वर्षी अद्ययावत करणाऱ्याने तीन वर्षांचा हिशोब मांडून पाहावा, वर्गणीच्या तुलनेत फार काही वाचत नाही. वाचतं ते माझ्यासारख्या एकच कॅमेरा झिजवणाऱ्याचं.

कायमचा परवानाही कितपत कायमचा, ते तपासून घेतलं. इलाइटचा परवाना तीन संगणकांवर चालतो, पण चालू करायला कंपनीचा सर्व्हर लागतो. लेन्सच्या दुरुस्त्यांसाठी डीएक्सओ आपल्या प्रयोगशाळेत कॅमेरा आणि लेन्सच्या जोड्या मोजते, त्या मापांच्या फाइली (मॉड्यूल) इंटरनेटवरून त्यांच्याकडूनच उतरतात. एकदा उतरल्या की आपल्या संगणकावर राहतात. म्हणजे कंपनी उद्या बंद पडली तर आजचा संगणक चालत राहील, प्रश्न येईल तो नव्या संगणकावर. शिवाय केलेले सगळे बदल रॉ फाइलशेजारी डॉप नावाच्या छोट्या फाइलीत साठतात. फाइल उघडून वाचता येते, पण दुसरं कुठलं सॉफ्टवेअर ते बदल तसेच्या तसे लावून देत नाही.

म्हणून कामाची पद्धत बदलली आहे. प्रयोगाचे निवडक फोटो पूर्ण झाले की सोळा बिटचं टिफ, म्हणजे बदल पक्के झालेली पूर्ण दर्जाची फाइल, काढून मूळ रॉ आणि डॉपसोबत दोन हार्ड डिस्कवर ठेवते. जे पुढेमागे पुन्हा हाताळावे लागतील त्यांचं फक्त नॉइज आणि लेन्सची दुरुस्ती केलेलं डीएनजी (अडोबीचं खुलं रॉ स्वरूप) काढते. ते लाइटरूमसकट बऱ्याच ठिकाणी उघडतं. फाइल चांगलीच फुगते, डिस्क लवकर भरते. खर्चात तेवढी डिस्क धरा.

घ्यायचं असेल तर चाचणी आवृत्ती आधी वापरा, स्वतःच्या सगळ्यात अंधाऱ्या फोटोंवर, आणि ज्या संगणकावर काम करणार त्याच संगणकावर. नोव्हेंबरात सवलत लागते, तोवर थांबता आलं तर थांबा. कॅमेरा यादीत आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा, लेन्सही बघा. आणि लाइटरूम वापरत असाल तर पूर्ण फोटोलॅब न घेता प्युअररॉने भागतंय का ते तपासा, बऱ्याच जणांचं भागतं. मी माझं 7 च ठेवणार आहे. डी750 ला त्यापुढचं काही लागत नाही.