दालमिलच्या ऑफिसात कॉफीचं मशीन : जवळपास वर्षभर वापरल्यावर

जळगाव एमआयडीसीत आमची दालमिल आहे. गेल्या पावसाळ्यात ऑफिसात एका मोठ्या कॉफी कंपनीचं मशीन बसवलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. शिवाय इतरांचे करार मागवून पाहिले, तर अटी उन्नीस-बीसच निघाल्या.

कॉफी चांगली आहे, यात वाद नाही. बिया समोर दळल्या जातात, दूध ताजं लागतं. तूर-हरभऱ्याचे दलाल आता स्वतःहून कॉफी मागतात. आमचे जुने मुनीम मात्र अजून म्हणतात, "भो, ते पेटीतलं नको, टपरीवरून कट सांग." मशीनच्या चहापुरतं त्यांचं खरं आहे. तो पावडरचा गोडमिट्ट चहा एकदा प्यायलेला माणूस दुसऱ्यांदा मागत नाही.

आता हिशेब. मशीनचे पैसे नाहीत, फक्त डिपॉझिट, तेही परत मिळणारं. पण दर महिन्याला ठरलेल्या किलो बिया त्यांच्याकडूनच घ्यायच्या. बाहेरच्या टाकल्या तर सर्व्हिस बंद. ठिबक फुकट बसवून द्यावं आणि खत आमच्याच दुकानातून घ्या म्हणावं, तसला प्रकार. दिवाळीत मिल बंद होती, तरी किमान मालाचं बिल आलंच. न उघडलेले पुडे कपाटात साचले आणि दळलं तेव्हा वास उतरलेला होता.

विकताना कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे धुणं. दुधाची टाकी आणि नळी रोज संध्याकाळी गरम पाण्याने धुवावीच लागते. एक दिवस टाळली की दुसऱ्या दिवशी पहिल्याच कपाला आंबूस वास. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की दूध दुपारपर्यंतही धड टिकत नाही, ते फ्रीजमधून थोडं थोडं काढून ओतायचं. बोअरचं पाणी चुकूनही वापरू नका, आतल्या नळ्यांत क्षार धरतो. आम्ही आरओचे जार लावले, तो खर्च वेगळा. बिघाड झाला की माणूस नाशिकहून येणार, म्हणजे "उद्या येतो" ऐकत चार दिवस जातात.

कंपन्या या मशीनच्या मागे एवढ्या का लागतात, ते कॅफे कॉफी डेचे आकडे पाहिले की कळतं. (उदाहरण म्हणून घेतोय, माझं मशीन कोणाचं याच्याशी संबंध जोडू नका.) 1996 मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर त्यांचं पहिलं दुकान. मळे चिकमगळूरला घरचे, भाजणं घरचं, दुकानंही घरची. मार्च 2019 ला कॅफे होते 1,752. पाच वर्षांनी उरले साडेचारशेच्या आसपास. पण मशीनं? मार्च 2024 लाही 50,000 च्या वर. कॅफेत एका कॅपुचिनोवर पोरं दोन तास बसली तरी मोक्याच्या जागेचं भाडं कंपनीच भरते. मशीनचं तसं नाही. जागा माझी, वीज माझी, दूध माझं, धुणारा माणूसही माझाच. कंपनीने बिया पाठवायच्या आणि बिल लावायचं.

तरी "कॉफीने कंपनी बुडवली" असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. जुलै 2019 मध्ये संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा मृत्यू झाला, तेव्हा समूहावर 7,000 कोटींच्या आसपास कर्ज होतं. त्या आधीच माइंडट्री या आयटी कंपनीतला समूहाचा हिस्सा एल अँड टीला विकला गेला होता. नंतर बंगळुरूचा टेक पार्क ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला गेला. डिसेंबर 2020 मध्ये सिद्धार्थ यांच्या पत्नी मालविका हेगडे सीईओ झाल्या, कर्ज झपाट्याने खाली आलं. पण मुख्य मुद्दा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या जानेवारी 2023 च्या आदेशात आहे : उपकंपन्यांतले 3,535 कोटी प्रवर्तकांच्या घरच्या कंपनीकडे वळवल्याचा ठपका आणि 26 कोटींचा दंड. ज्यांनी 2015 च्या पहिल्या शेअर विक्रीत (आयपीओत) 328 रुपयांना शेअर घेतला आणि पुढे तो पन्नासच्याही खाली पाहिला, त्यांचं नुकसान कॅपुचिनोच्या भावामुळे झालेलं नाही. आमच्या दाणा बाजारातही पेढी बसते ती बहुतेक वेळा मालामुळे नाही, तर धंद्याचा पैसा दुसरीकडे गुंतवल्यामुळे.

असो, मशीन घ्यावं का? रोजचे पंचवीस-तीस कप होत नसतील तर नाही. गॅस, पातेलं आणि चांगली फिल्टर पावडर स्वस्त पडेल. आमच्याकडे हंगामात कप भरपूर होतात, म्हणून करार पुढे चालू ठेवतोय. मात्र यावेळी दोन गोष्टी मागितल्या. किमान मालाचा हिशेब महिन्याऐवजी तिमाहीचा करायला ते तयार झाले. मशीन तीन दिवसांत दुरुस्त झालं नाही तर त्या महिन्याची अट माफ, हे लेखी द्यायला मात्र अजून तयार नाहीत. ते आलं की सही करणार.