पिकअपच्या डाल्यात ॲल्युमिनियमचा पत्रा : दोन उन्हाळे आणि एका पावसाळ्यानंतर

पत्रा चांगला, रिवेट भिकार. ज्याला घाई आहे त्याने एवढं वाचून निघावं.

माझ्या पिकअपचा डाला, म्हणजे मागची माल भरायची पेटी, तळातून सडला होता. अमरावतीकडच्या एका बॉडीवाल्याकडून लोखंडी सांगाडा तसाच ठेवून तळाला आणि फाळक्यांना (डाल्याच्या उघडणाऱ्या बाजूंना) आतून ३ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा चेकर, म्हणजे उठावदार नक्षीचा पत्रा रिवेटने मारून घेतला. हौस म्हणून नाही. तेवढ्याच जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, हा सव्वाआठच्या आसपास, नक्षीचं थोडं वर. नुसत्या तळात साठेक किलो वाचले, म्हणजे संत्र्याचे तीन क्रेट. भाडं तेच, डिझेल तेच, तीन क्रेट जास्त.

सुरुवातीला तर भेटेल त्याला मी हाच पत्रा मारा म्हणून सांगत सुटलो होतो. पाइप मारला की साफ, क्रेट ढकलायला सोपे. मग मे लागला आणि डाला वाजू लागला. रिकामी गाडी गिट्टीवर आली की मागे बँडपथक. कारण साधं आहे. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. आठ फुटी पत्रा हिवाळ्यातल्या पहाटे १० अंशावर आणि आपल्याकडच्या मेच्या दुपारी ६५ वर धरला, तर दोन्ही धातूंच्या वाढीत दीड मिलिमीटरचा फरक पडतो. बॉडीवाल्याने भोकं रिवेटच्या मापाची घट्ट पाडलेली. तो दीड मिलिमीटर जाणार कुठे? रिवेट हलले, भोकं लांबट झाली. तरीही मी म्हटलं, वाजतो तर वाजू दे, सडत तर नाही ना.

जुलैत तेही गेलं. डाल्यात युरिया-पोटॅशची पोती, वरून झड. प्रत्येक रिवेटभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली. बॉडीवाल्याला फोटो पाठवला तर म्हणतो, "भाऊ, ॲल्युमिनमले कुठी जंग लागते का? खताचा पावडर असन तो, धुऊन टाका."

धुतला. चार दिवसांत परत हजर. तो खताचा नव्हताच, खुद्द ॲल्युमिनियमचा गंज होता. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली की त्याची बॅटरी होते, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. त्यात रिवेटही ॲल्युमिनियमचे. एवढासा रिवेट आणि भोवती एवढं लोखंड, म्हटल्यावर पहिला बळी त्याचाच. पॉप रिवेट मधून पोकळ असतो आणि त्यात लोखंडी खिळ्याचं डोकं अडकून राहतं, ते आतून वेगळंच गंजतं. भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, त्यामुळे पत्रा फुगून वर उचलला जातो.

आंबिया बहाराची संत्री घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात जाताना एका फाळक्याचा पत्रा कोपऱ्यातून उचकटला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. बॉडीवाल्याकडे गेलो तर उत्तर तयार : "तुम्ही खत टाकलं, गॅरंटी गेली." पिकअपमध्ये खत नाही टाकायचं तर काय देव्हारा बसवायचा?

बरेच जण विचारतात, वेल्डिंग का नाही केलं? आमच्या गावचा वेल्डरही आधी तयार होता. पण ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, लोखंडाला पंधराशेच्या आसपास लागतात. जबरदस्तीने एकत्र वितळवलं तरी जोडावर ठिसूळ थर बनतो, एका दणक्यात तडकतो. म्हणून तर जिथे हे दोन धातू जोडायचे तिथे गाडी कंपन्या स्ट्रक्चरल गोंद आणि आरपार भोक न पाडता घुसणारे खास रिवेट वापरतात. आणि हे दुखणं काही आजचं नाही. १९४८ ची लँड रोव्हर गाडी, युद्धानंतर इंग्लंडात लोखंडाची टंचाई म्हणून अंगावर ॲल्युमिनियम आणि खाली लोखंडी चासी. तिचेही पत्रे लोखंडाला टेकतात तिथेच गंजतात.

शेवटी गावच्याच वेल्डरकडून दोन फाळके दोन पद्धतींनी करून घेतले. एकाला पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब कापून मध्ये पट्टी दिली, जवळपास फुकट. दुसऱ्याला लोखंड घासून इपॉक्सी प्रायमर, वर पीयू सीलंट (फटी बुजवणारी, सुकल्यावर रबरासारखी होणारी पेस्ट), आणि प्रत्येक रिवेट सीलंटमध्ये बुडवून मारला. पैज मी ट्यूबवर लावली असती. पण मार्चच्या अवकाळीनंतर ट्यूबच्या कडेला पाणी साचून राहिलेलं दिसलं, आणि रिवेट तर रबरातून आरपार जाऊन दोन्ही धातूंना टेकतोच, म्हणजे बॅटरी चालूच. तिथे पुन्हा भुकटी आली. सीलंटचा फाळका अजून कोरा आहे. पत्र्याची भोकं थोडी मोठी पाडून वर रुंद डोक्याचे रिवेट मारल्याने वाजतही नाही.

सीलंटची नळी तीनशे रुपयांच्या आसपास येते. एवढ्या बिलात बॉडीवाल्याने ती वाचवली, याचा राग अजून जात नाही. कोणाकडूनही करून घेताना "रिवेट ओला मारा", म्हणजे सीलंटमध्ये बुडवून मारा, असं आधीच सांगा आणि समोर उभे राहा. सीलंट सुकायला गाडी दिवसभर उभी ठेवावी लागते, म्हणून ऐन मालाच्या हंगामात हे काम काढू नका.

तळाचे रिवेट अजून जुनेच आहेत. मृग बहाराची संत्री उतरली की ते काढीन. तोवर पोटॅश भाड्याच्या ट्रॅक्टरने येतंय.