गालिचा धुवायला सर्टिफाईड माणूसच का बोलवा, आमचा अनुभव (जुळे सोलापूर)

आमच्याकडं एक गालिचा आहे, सहा बाय नऊचा, भदोहीचा, हातानं गाठी मारलेला, पूर्ण लोकरीचा. आई-अण्णांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अण्णांनी घेतलेला. मधी लाल फुलं, कडेला क्रीम बॉर्डर.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी कुणीतरी नंबर दिला म्हणून एकाला बोलवलं, सहाशे रुपयात करतो म्हणला, आला, बादलीत कपड्याची पावडर कालवली, प्लास्टिकच्या ब्रशनं खसाखसा घासलं आणि गच्चीच्या कठड्यावर टाकून गेला. संध्याकाळी बघते तर लाल रंग क्रीम बॉर्डरवर उतरलेला, जिथं जोरात घासलं तिथली लोकर घोंगडीसारखी चिकटून बसलेली आणि नंतर आठ दिवस हॉलमध्ये ओल्या मेंढरासारखा वास. अण्णांची अख्खी नोकरी चादरीच्या कारखान्यात डाइंगला, म्हणजे रंगवायच्या खात्यात गेली, रंग उतरणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. ते काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवला आणि आत गेले. मला लई वाईट वाटलं कारण माणूस मी बोलवलेला.

यावर्षी मार्चमध्ये मात्र पुण्याहून सोलापुरात फेरी करणारी टीम बोलवली. त्यांच्या टेक्निशियनकडं आयआयसीआरसीचं सर्टिफिकेट आहे. ही अमेरिकेतली संस्था, 1972 पासूनची, सफाईवाल्यांचं ट्रेनिंग झालं की परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देते, आणि ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं. सर्टिफिकेट त्या माणसाच्या नावावर असतं त्यामुळं मी आधीच फोटो मागवला, त्यांनी लगेच पाठवला, कुरकुर नाही.

आल्या आल्या मशीन काढलीच नाही. गालिचा उलटा केला, मागनं थोपटला, तर फरशीवर बारीक रेतीचा थर, आपल्याकडची धूळ माहीतच आहे. मग कडेचा एक धागा कापून काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरगळली, म्हणजे लोकर. सिंथेटिक असतं तर वितळून कडक मणी झाला असता म्हणे. मग पांढरा सुती कपडा त्यांच्या लिक्विडमध्ये भिजवून लाल फुलावर दाबून धरला, पाच मिनिटं. उचलला तर अगदी फिका गुलाबी डाग. "रंग थोडा सुटतोय, पाणी कमी वापरायला लागेल," म्हणला. आणि मग अण्णांना विचारलं, "काका, पाणी बोअरचं का नळाचं?"

अण्णा खुर्चीत सरळ बसले. बोअरच्या जड, क्षारवाल्या पाण्यानं रंगाची काय वाट लागते हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं, तरी साठवलेल्यातलं दोन बादल्या त्यांनी स्वतः काढून दिल्या आणि नंतर तिथंच बसून राहिले, दोघांच्या गप्पा सुरू.

त्यातनं मला कळलं ते असं, की कपड्याची पावडर अल्कली असते, पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, सात म्हणजे न्यूट्रल) दहाच्या आसपास, ती सुती कपड्याला चालते पण लोकर म्हणजे आपल्या केसासारखं प्रोटीन, तिला ते सोसत नाही, आणि कपड्याला वापरतो ते क्लोरीनचं ब्लीच तर लोकर चक्क विरघळवतं. म्हणून यांचं लिक्विड न्यूट्रलच्या जवळचं आणि शेवटी हलकं आम्लाचं पाणी, रंग धरून राहावा म्हणून. आधी जवळपास पाऊण तास नुसता कोरडा व्हॅक्यूम मारला, दोन्ही बाजूंनी, कारण रेती आत राहून ओली झाली तर चिखल होतो. पाण्याचा भाग वीस-पंचवीस मिनिटांत संपला, सोडलं की लगेच मशीननं ओढून घेतलं, टाकीतलं पाणी चहासारखं काळपट.

मी उन्हात टाकायला निघाले तर थांबवलं, रंग उडतो म्हणून. आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊनही हाताला कोरडी लागते, म्हणून हातावर विश्वास ठेवायचा नाही, पंखा लावून संध्याकाळी मीटरनं ओल तपासली आणि मगच गेले. मागच्या वेळचा वास कुठनं आला ते तेव्हा समजलं.

बिल 2,120 झालं, तीस रुपये चौरस फूट आणि वर येण्याजाण्याचे पाचशे. स्वस्त नाहीच. तारीखही दोनदा पुढं ढकलली, ते मला आवडलं नाही. आणि बॉर्डरवरचा जुना लाल डाग पूर्ण गेला नाही, फिका झाला, दबलेली लोकर तर तशीच आहे. पण हे त्यांनी काम सुरू करायच्या आधीच सांगितलेलं, "हे परत येणार नाही ताई, खोटं सांगत नाही." मला ते वाक्य सहाशे रुपयेवाल्याच्या गॅरंटीपेक्षा मोठं वाटलं.

तुम्ही कुणालाही बोलवा, फोनवर एवढंच विचारा की रंग सुटतो का ते आधी तपासणार का आणि वाळल्याचं कशावरनं बघणार. "ऊन आहे की भरपूर" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. दिवाळीच्या तोंडावर तारीख मिळत नाही, आम्ही सोफ्यासाठी आत्ताच नाव लावलंय, आणि त्या दिवशी बोअरची मोटर लावायची नाही असं अण्णांनी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.