पोर्टलंडची पसंतीक्रमाची मतपत्रिका: यंत्रणा चोख, पण जागा तीनच

मतदारसंघाच्या सीमा आपल्या सोयीने वाकवण्याला अमेरिकेत ‘गेरीमँडरिंग’ म्हणतात. हे नाव १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्यावरून पडलं. त्याच राज्यातून आज अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात ९ जण जातात आणि नऊही डेमोक्रॅट असतात. रिपब्लिकनांना तिथे सुमारे एक तृतीयांश मतं पडतात, पण ती राज्यभर विखुरलेली आहेत. नकाशा कितीही सचोटीने काढला तरी प्रत्येक मतदारसंघात ते मागेच राहतात. म्हणजे खरी गोम रेषेपेक्षा ‘एका मतदारसंघातून एकच’ या नियमात आहे. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने आपल्या महापालिकेपुरता हाच नियम मोडला, म्हणून तिथली व्यवस्था बारकाईने पाहायला हवी.

२०२२ मध्ये तिथल्या मतदारांनी शहराची सनद बदलली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. ४ मतदारसंघ, प्रत्येकातून ३ असे १२ नगरसेवक. महापौर वेगळा निवडतात. मतपत्रिका टपालाने घरी येते. डावीकडे उमेदवारांची नावं, समोर १ ते ६ असे रकाने. पहिल्या पसंतीच्या उमेदवारासमोर पहिल्या रकान्यातला गोल भरायचा, दुसऱ्याच्या समोर दुसऱ्यातला. सहाही भरायची सक्ती नाही. एकाच उमेदवारासमोर सहा गोल भरले तर पसंती एकच धरतात. एका रकान्यात दोघांसमोर गोल भरले तर तो क्रम मोजता येत नाही, आणि घाईत नेमकं हेच होतं. शेवटी पाकिटावर सही करायची. ती विसरली की मतपत्रिका मोजणीआधीच अडकते.

निवडून यायला लागणारी मतं, म्हणजे कोटा, आहे २५ टक्के अधिक एक मत, कारण इतकी मतं तिघांनाच मिळू शकतात, चौथ्याला नाही. समजा कोटा २०,००० आणि एखाद्याला २५,००० मतं पडली. वरची ५,००० वाया जात नाहीत. त्याच्या पंचवीसही हजार मतपत्रिका ०.२ मूल्याने पुढच्या पसंतीकडे जातात. मूठभर मतपत्रिका उचलून त्याच पुढे पाठवण्यापेक्षा ही रीत कितीतरी न्याय्य आहे, कारण निकालात नशिबाचा भाग उरत नाही. कुणीच कोटा गाठत नसेल तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.

महाराष्ट्राला हे गणित नवं नाही. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत २८४ वैध मतं होती, जागा ६, कोटा ४१. पहिल्या पसंतीत शिवसेनेचे संजय पवार ३३ वर आणि भाजपचे धनंजय महाडिक २७ वर होते. पण भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती. दोघांची कोट्यावरची मिळून सुमारे १४ मतं महाडिकांकडे वळली आणि ते निवडून आले. फरक एवढाच की तिथे आमदार मत देतात, पोर्टलंडमध्ये सामान्य मतदार.

फायदा स्पष्ट आहे. मतदार ६०-४० असे विभागलेले असतील तर एकेका जागेच्या पद्धतीत तिन्ही जागा मोठ्या गटाकडे जाऊ शकतात. इथे निकाल २-१ लागतो.

पण तीन ही संख्या तोकडी आहे आणि पोर्टलंडची सगळ्यात मोठी उणीव हीच. २३ टक्के पाठिंब्याचा गट सहज बाहेर राहतो. शिवाय ५१-४९ असे मतदारसंघ आखले तर ५१ टक्क्यांत दोन तृतीयांश जागा पदरात पडतात. हीच पद्धत असलेल्या आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात मंत्री जेम्स टली यांनी नेमकं हेच करून पाहिलं. डब्लिनमध्ये बहुतेक मतदारसंघ तीन जागांचे केले. १९७७ मध्ये वारा फिरला आणि डाव उलटला. विरोधी फियाना फॉल पक्षाला ५० टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली आणि १४८ पैकी ८४ जागा मिळाल्या. त्यानंतर सीमा ठरवण्याचं काम स्वतंत्र आयोगाकडे गेलं. म्हणून पसंतीक्रमाची पद्धत आणली म्हणजे नकाशाची लबाडी संपली असं कुणी सांगितलं, तर आधी जागा किती ते विचारावं.

दुसरी अडचण मतपत्रिकेच्या लांबीची. काही मतदारसंघांत ३० उमेदवार होते आणि क्रम फक्त ६. ज्यांचे सहाही उमेदवार बाद होतात त्यांची मतपत्रिका तिथेच संपते, आणि शेवटची जागा कोटा न गाठताच भरली जाऊ शकते. बऱ्याच मतदारांनी, कदाचित यादी पाहूनच थकून, नगरसेवकांचा भाग कोरा सोडला. १२ ही समसंख्याही गैरसोयीची आहे. जानेवारी २०२५ मध्ये सभागृहाचा अध्यक्ष निवडताना ६-६ अशी कोंडी झाली आणि फेऱ्यांवर फेऱ्या घ्याव्या लागल्या.

ज्या शहरांना ही पद्धत उचलायची आहे त्यांनी मोजणीची रीत जशीच्या तशी घ्यावी, जागांची वाटणी मात्र बदलावी. ३ मतदारसंघ, प्रत्येकी ५ जागा, एकूण १५. कोटा सुमारे १६.७ टक्क्यांवर येतो, ६०-४० चा निकाल ३-२ लागतो आणि सभागृहात बरोबरी होण्याची शक्यता कमी होते. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहासाठी मात्र हे आज करता येत नाही. १९६७ चा कायदा तिथे एका मतदारसंघातून एकच सदस्य बंधनकारक करतो, आणि तो बदलायचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे त्या संसदेकडेच आहे.